भुईकाट्याची चिठ्ठी आणि ट्रकवाल्याचे इमान



मालाच्या वाहतुकीचा विषय आपल्या रेडिओ कार्यक्रमात निघाला, की एक तक्रार हमखास कानी येते. "साहेब, गावात भरताना दहा टन भरले, बाजारात साडेनऊच निघाले. मधला अर्धा टन कुठं गेला? ट्रकवाल्यानंच खाल्ला!"

कधीकधी तो खरोखरच ट्रकवाल्याने खाल्लेला असतो. पण बऱ्याच वेळा तो अर्धा टन गाडीत चढलेलाच नसतो. आपण मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन मोकळे होतो. म्हणून या वेळच्या पत्रिकेत भुईकाटा, त्याचे पैसे, त्याची चिठ्ठी आणि गाडी चालवणाऱ्याचा प्रामाणिकपणा या चारही गोष्टींचा विचार एकत्र करू. सुरुवात आमच्याच घरापासून करतो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

साठ रुपये वाचवले त्याची गोष्ट

ही गोष्ट २०१४ सालची. मी शेतीची पदवी घेऊन नुकताच नोकरीला लागलो होतो. सुट्टीवर घरी आलो, तर आमचे आण्णा कांदा परगावच्या बाजारात पाठवत होते. सहा चाकी ट्रक ठरला. गोण्या भरून झाल्यावर गाडी गावच्या फाट्यावरच्या भुईकाट्यावर नेली. काट्यावरचा माणूस म्हणाला, "मोकळ्या गाडीचं वजन केलं नाही ना? हरकत नाही. या गाडीचा आकडा आपल्या कंप्युटरमध्ये आहे. कशाला दोनदा पैसे भरता?" आण्णांना ते पटले, मलाही पटले. साठ रुपये वाचले.

चिठ्ठी निघाली ती अशी : भरलेली गाडी १५,७५० किलो, मोकळी गाडी ५,८९० किलो, निव्वळ माल बारदानासह ९,८६० किलो.

दोन दिवसांनी बाजारातून हिशेबपट्टी आली. माल ९,४८० किलो! म्हणजे ३८० किलो कमी. बारा रुपये किलोचा भाव धरला, तर साडेचार हजारांच्या वर फटका. भाड्याचे पैसे घ्यायला ड्रायव्हर घरी आला, तेव्हा आण्णांनी त्याला ओट्यावरच धरला. "कुठं उतरवलास माल?" तो म्हणाला, "मालक, दोरी तुमच्याच गड्यानं बांधली होती. बाजारात सोडली तेव्हा गाठ तीच होती. गोण्या मोजून दिल्या." मग त्याने खिशातून बाजारच्या काट्याची चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. मी पदवीधर माणूस! मी तळाचा आकडा तेवढा पाहिला, "९,४८०च आहे की" म्हणालो आणि चिठ्ठी परत दिली. आण्णांनी भाड्यातले दोन हजार कापले. तो काही न बोलता निघून गेला.

दहा-बारा दिवसांनी तोच ड्रायव्हर पुन्हा आला. या वेळी त्याच्या हातात तीन चिठ्ठ्या होत्या. एक बाजारची जुनी आणि दोन नव्या. स्वतःच्या खिशातून पैसे भरून त्याने मोकळी गाडी दोन वेगवेगळ्या काट्यांवर तोलून आणली होती. एकावर ६,२४० किलो, दुसऱ्यावर ६,२५० किलो. आमच्या गावच्या चिठ्ठीवर मात्र ५,८९०! मधल्या काळात गाडीमालकाने हौद्यात नवे लोखंडी पत्रे ठोकून घेतले होते. काट्याच्या कंप्युटरमध्ये आकडा राहिला होता तो पत्र्यांच्या आधीचा.

मग मी ती बाजारची चिठ्ठी पहिल्यांदा नीट वाचली. भरलेली गाडी १५,६९० किलो, मोकळी ६,२१० किलो. म्हणजे गावातून निघालेली भरली गाडी आणि बाजारात पोहोचलेली भरली गाडी यांत फरक फक्त ६० किलोंचा. त्यातले तीसेक किलो वाटेत जळलेले डिझेल, राहिलेले तीसेक कांद्याची घट. एक गोणीही कुठे उतरली नव्हती. ३५० किलो कांदा आमच्या कागदावर होता, गाडीत नव्हता.

आण्णा उठले, आत जाऊन दोन हजार घेऊन आले आणि म्हणाले, "चुकलं बाबा आमचं." त्या माणसाने सांगितले, की ते दोन हजार मालकाने त्याच्याच पगारातून वळते केले होते. जाताना आण्णांनी त्याच्या केबिनमध्ये कांद्याची एक गोणी ठेवली. तो हसून म्हणाला, "आण्णा, हिचंपण वजन करून घेऊ का?"

आम्ही साठ रुपये वाचवले आणि एका गरीब माणसाला चोर ठरवले. तो परत आला नसता, तर आजही आम्ही त्याला चोरच म्हणत असतो.

भुईकाटा वजन कसे करतो

आपल्या आजोबांच्या वेळी मण-शेराचा हिशेब होता आणि गावागणिक शेर वेगळा असायचा. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली आणि १ एप्रिल १९६२ पासून देशभर किलोचा व्यवहार सक्तीचा झाला. तेव्हापासून किलो सगळीकडे एकच. आता प्रश्न एवढाच, की तो किलो मोजणारा काटा ठीक आहे का?

जुन्या यांत्रिक भुईकाट्याखाली खड्ड्यात लोखंडी तरफा असत. गाडीचा भार तरफांवरून दांडीवर येई आणि दांडीवरचे वजन सरकवून आकडा वाचला जाई. आताच्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या फळीखाली चार, सहा किंवा आठ लोडसेल बसवलेले असतात. लोडसेल म्हणजे पोलादाचा ठोकळा. भार आला की तो डोळ्याला दिसणार नाही इतका दबतो. त्यावर चिकटवलेल्या बारीक तारा ताणल्या जातात आणि त्यांतून जाणाऱ्या विजेला होणारा अडथळा बदलतो. सगळ्या लोडसेलकडून आलेली ही खूण एकत्र होऊन आतल्या खोलीत किलोचा आकडा उमटतो.

यावरून तीन गोष्टी ध्यानात येतील.

पहिली, फळी मोकळी हलती असली पाहिजे. फळी आणि कडेचा कठडा यांच्या फटीत खडे, चिखल किंवा उसाचे पाचट अडकले, तर भाराचा काही भाग कठड्यावर जातो आणि वजन कमी दाखवले जाते.

दुसरी, सगळे लोडसेल सारखे बोलले पाहिजेत. एक जरी बिघडला किंवा त्याची वायर उंदराने कुरतडली, तर गाडी फळीच्या पुढच्या टोकाला एक वजन दाखवते आणि मागच्या टोकाला दुसरे. शंका आली तर हीच सोपी परीक्षा करा. एकच गाडी पुढे, मध्ये आणि मागे उभी करून तीनदा वजन घ्या. आकडा सारखाच आला पाहिजे.

तिसरी, गाडी चढण्यापूर्वी काट्यावर शून्य दिसले पाहिजे. शून्याच्या जागी आधीच २० किंवा ३० असेल, तर पुढचा प्रत्येक आकडा तेवढाच खोटा.

आणखी एक. मोठ्या भुईकाट्यावर साधारणपणे ५ किंवा १० किलोचा टप्पा असतो. १० किलोच्या टप्प्याचा काटा १५,७५० दाखवील, १५,७५४ कधीच दाखवणार नाही. अशा काट्याची सरकारी पडताळणी होते, तेव्हाही ५ टनांपासून २० टनांपर्यंतच्या भाराला १० किलो इकडेतिकडे चालते. म्हणून दोन चांगल्या काट्यांत वीस-तीस किलोंचा फरक आला, तर लगेच कुणाची गचांडी धरू नका.

गोम असते मोकळ्या वजनात

भरलेल्या गाडीचे वजन वजा मोकळ्या गाडीचे वजन बरोबर निव्वळ माल, हे गणित शाळेतल्या पोरालाही येते. पण आपण सगळे डोळे लावून बसतो भरलेल्या वजनावर. खरी गोम असते मोकळ्या वजनात. मोकळी गाडी म्हणजे कायम एकच वजन, असे मुळीच नाही. पाहा :

डिझेल : एक लिटर डिझेल सुमारे ८३० ग्रॅम भरते. २०० लिटरची टाकी रिकामी असताना एक वजन आणि पूर्ण भरल्यावर दुसरे, यांत सुमारे १६५ किलोंचा फरक.

माणसे : ड्रायव्हर आणि क्लीनर मिळून १२० ते १३० किलो. एका वजनाला दोघे केबिनमध्ये आणि दुसऱ्या वजनाला चहाच्या टपरीवर, असे झाले तर तेवढा माल कमी किंवा जास्त दिसणार.

स्टेपनी : मोठ्या ट्रकचे रिंगसह चाक ८० ते १०० किलोंचे. एकदा आहे आणि एकदा नाही, असे नको.

ताडपत्री, दोर, साखळ्या : कोरडी ताडपत्री हलकी, पण पावसात भिजलेली चांगलीच जड. हौद्यात साठलेला चिखल आणि पाणी यांचेही तसेच.

बारदान : एक रिकामी तागाची गोणी साधारण ६०० ग्रॅम धरली, तर २०० गोण्यांचे १२० किलो होतात. हिशेब बारदानासह आहे की बारदान वजा करून, हे आधीच विचारा.

हे सगळे एका बाजूला जमले, तर तीन-चार क्विंटलचा फरक पडायला चोरी लागत नाही. म्हणून नियम एकच : भरलेली आणि मोकळी, दोन्ही वजने त्याच दिवशी, त्याच काट्यावर, त्याच सामानासह आणि तितक्याच माणसांसह करा. कंप्युटरमधला जुना आकडा घेऊ नका. गाडीच्या कागदपत्रांवर लिहिलेले मोकळे वजनही धरू नका. ते गाडी नवी असतानाचे असते.

बाजारची चिठ्ठी हाती आली, की तळाचा आकडा सर्वांत शेवटी पाहा. आधी भरलेल्याशी भरलेले ताडून पाहा, मग मोकळ्याशी मोकळे. भरलेले वजन जवळपास जुळत असेल आणि मोकळे जुळत नसेल, तर चोर वाटेत नाही, मोकळ्या आकड्यात आहे. भरलेलेच वजन दोन-तीनशे किलोंनी उतरले असेल, तर मग वाटेत काय झाले हे विचारायला हरकत नाही. पण माल काढून त्या जागी माती किंवा पाणी भरले, तर वजन जुळूनही नुकसान होते. म्हणून गोण्यांची मोजणी आणि मालाची तपासणी यांना काटा हा पर्याय नव्हे, हे विसरू नका.

लबाडी होते ती कशी

ट्रकवाले सगळे साधू आहेत असे मी म्हणत नाही. आमच्या फिरतीत पाहिलेले आणि शेतकऱ्यांनी सांगितलेले काही प्रकार असे :

१. दुसऱ्याच गाडीची किंवा दुसऱ्याच दिवसाची चिठ्ठी पुढे करणे. गाडी निघाली संध्याकाळी सहाला आणि चिठ्ठीवर वेळ सकाळी अकराची! चिठ्ठीवरचा गाडी नंबर, तारीख आणि वेळ आधी वाचा.

२. काट्यावर गाडी न नेताच "काट्याचे पैसे" म्हणून रक्कम घेणे, किंवा दोनदा वजनाचे पैसे घेऊन वजन एकदाच करणे.

३. पुढचे किंवा मागचे एक चाक फळीच्या कडेवर राहू देणे. काटा लहान आणि गाडी लांब असली, की हे मुद्दाम नसतानाही घडते. सगळी चाके फळीवर आली आहेत ना, हे खाली उतरून फिरून पाहा.

४. मोकळ्या वजनाच्या वेळी पाण्याचे डबे, जॅक, जादा चाक, दगड असे जड सामान गाडीत ठेवणे आणि भरताना ते उतरवणे. किंवा याच्या उलट. उलट केले की माल जास्त दिसतो आणि टनावर भाडे घेणाऱ्याचे फावते.

५. वाटेत ठरलेल्या ठिकाणी चार गोण्या उतरवणे.

६. काही काटेवाले गाडी आणणाऱ्या ड्रायव्हरला चहापाण्याचे पैसे देतात. मग तो तुम्हाला चांगल्या काट्यावर न नेता आपल्या सोयीच्या काट्यावर नेतो. काटा कोणता, हे माल असणाऱ्याने ठरवावे.

या सहाही गोष्टींवर एकच औषध आहे : मालकाने किंवा घरच्या जाणत्या माणसाने काट्यावर स्वतः उभे राहणे. लांबच्या बाजारात प्रत्येक वेळी जाणे जमत नाही, हे खरे. मग निदान गावाकडची दोन्ही वजने डोळ्यांदेखत करून घ्या. पलीकडे गावचा दुसरा कुणी माल घेऊन जात असेल, तर त्याला उभे राहायला सांगा. आज तो तुमच्यासाठी उभा राहील, उद्या तुम्ही त्याच्यासाठी.

काट्याचे पैसे कुणी द्यायचे?

आमच्या भागात गाडीच्या आकारानुसार पन्नास रुपयांपासून दीडशे रुपयांपर्यंत वजनाचे पैसे घेतात. रक्कम लहान, पण भांडण मोठे. ड्रायव्हर म्हणतो शेतकऱ्याने द्यावेत, शेतकरी म्हणतो भाड्यातच आले, अडत्या म्हणतो माझा संबंध नाही. शेवटी कुणीच देत नाही आणि वजनच होत नाही.

माझे सांगणे असे, की गावाकडच्या दोन्ही वजनांचे पैसे शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने काट्याच्या खिडकीत द्यावेत. ड्रायव्हरच्या हातात देऊ नयेत. पैसे ज्याने दिले, चिठ्ठीही त्याच्याच हातात येते. ड्रायव्हरच्या हाती पैसे दिले, की चिठ्ठी त्याच्या खिशात जाते आणि तुमच्या हाती राहतो तोंडी आकडा. चिठ्ठीच्या दोन प्रती मागा. एक तुमच्याकडे, एक ड्रायव्हरकडे. दर किती आहे ते आधी विचारा आणि घेतलेली रक्कम चिठ्ठीवर छापून किंवा लिहून घ्या.

बाजाराकडच्या वजनाचे पैसे कुणाच्या खाती, हे माल पाठवण्यापूर्वीच अडत्याशी बोलून घ्या. हिशेबपट्टीवर भाडे, हमाली, तोलाई, काट्याचे पैसे अशी प्रत्येक वजावट वेगळी लिहिलेली असली पाहिजे. "खर्च" म्हणून एकच मोठा आकडा आला, तर फोड मागा. मागायला लाजू नका.

दहा टन कांद्याला बारा रुपयांचा भाव धरला, तरी गाडीत सव्वा लाखाच्या आसपासचा माल असतो. त्यावर दोन वजनांचे दीड-दोनशे रुपये म्हणजे शेकडा पाव टक्क्याहून कमी. बी-बियाण्यावर, औषधावर आपण यापेक्षा कितीतरी जास्त रक्कम सावधगिरी म्हणून घालतो.

ट्रकवाल्याची बाजूही पाहा

गाडी चालवणारा बहुधा गाडीचा मालक नसतो. त्याला महिन्याचा पगार किंवा फेरीमागे भत्ता मिळतो. बाजारात नंबर लागेपर्यंत आठ-दहा तास तो गाडीखाली सावलीत पडून असतो. माल कमी भरला, की आपण भाडे कापतो, गाडीमालक तेच त्याच्या पगारातून कापतो. म्हणजे शेवटी तूट भरते त्याच्याच घरच्या चुलीतून. ज्याने चोरी केली नाही त्यालाही दंड, आणि केली त्यालाही तेवढाच दंड! मग इमान राखून मिळाले काय, असे त्याच्या मनात आले तर नवल नाही.

आणि खरे बोलायचे, तर लबाडी एकाच बाजूला नसते. नव्वद गोण्या सांगून एकशे दहा भरणारे शेतकरीही आहेत. फेरीवर भाडे ठरलेले असले, की "अजून दोन गोण्या टाका, काय होतंय" असे आपणच म्हणतो. पण पाटे तुटतात गाडीचे आणि वाटेत अडवले जाते त्या ड्रायव्हरला. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा जादा भाराला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये असा दंड ठरवला गेला. आपल्या दोन गोण्यांसाठी त्याच्या डोक्यावर एवढे ओझे ठेवू नये. काट्याची चिठ्ठी इथेही उपयोगी पडते. गाडीत किती भार आहे, हे निघतानाच दोघांना कळते.

एकदा एका जुन्या ड्रायव्हरला मी विचारले, "शेतकरी काट्यावर येऊन उभा राहिला, तर तुला राग येतो का?" तो म्हणाला, "राग कसला साहेब? जो उभा राहतो, तो नंतर भांडत नाही. जो घरी बसतो, तोच नंतर शिव्या देतो."

चोख वजन हा ट्रकवाल्यावरचा अविश्वास नव्हे. प्रामाणिक ड्रायव्हरला आपला प्रामाणिकपणा दाखवायला दुसरा पुरावा नसतो.

घट किती, चोरी किती

काही माल वाटेत आपोआप घटतो. कांद्यातले पाणी उडते, पात सुकते. तोडलेला ऊस जितका ताटकळत राहील तितके त्याचे वजन उतरते. भाजीपाला तर डोळ्यांदेखत हलका होतो. धान्याचे मात्र तसे नाही. १० टन सोयाबीनमधली ओल १४ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आली, तर वजन सुमारे २२७ किलोंनी घटते. पण ताडपत्रीखाली गच्च बांधलेल्या गोण्यांतली दोन टक्के ओल एका रात्रीत जात नाही. म्हणून "सोयाबीन वाळलं हो वाटेत" असे कुणी सांगितले, तर मान डोलावू नका. खळ्यावर चार दिवस वाळवले असते तर गोष्ट वेगळी.

तेव्हा मालाप्रमाणे आणि अंतराप्रमाणे घट किती चालेल, हे गाडी भरण्यापूर्वी दोघांनी बोलून ठरवावे. ठरलेल्या घटीच्या आत तूट आली, तर एक पैसाही कापायचा नाही. जास्त आली, तर दोन्ही ठिकाणच्या चारही आकड्यांची ताडणी करून मगच बोलायचे. हिशेबाला बाप-लेक, ही म्हण ट्रकवाल्यालाही लागू आहे.

उसाच्या बाबतीत कारखान्याच्या काट्याचा प्रश्न वेगळा आहे. काटामारीच्या तक्रारी होतात आणि गाळप हंगामात तपासणीसाठी भरारी पथकेही फिरतात. शंका असेल, तर एखादी खेप कारखान्याकडे जाताना बाहेरच्या पडताळणी झालेल्या काट्यावर भरलेली तोलून घ्या आणि त्याच दिवशी परत येताना मोकळीही तोला. चिठ्ठ्या जपून ठेवा. एका खेपेवरून बोलू नका. तीन-चार खेपांत फरक एकाच बाजूचा येत राहिला, तर तक्रारीला वजन येते.

कायदा काय सांगतो

वैधमापनशास्त्र अधिनियम २००९ हा कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. लोक अजूनही त्याला वजन-मापाचा कायदा म्हणतात. त्याखालच्या नियमांनुसार भुईकाट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी करून घ्यावी लागते. काटा दुरुस्त केला किंवा एका जागेवरून दुसरीकडे बसवला, तर वापरण्यापूर्वी पुन्हा पडताळणी लागते. पडताळणीचे प्रमाणपत्र लोकांना दिसेल असे लावायचे असते. खिडकीत पैसे देताना भिंतीकडे एकदा नजर टाका. प्रमाणपत्र आहे का? त्याची मुदत उलटली तर नाही ना?

काटा चुकीचा वाटला, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या वैधमापनशास्त्र कार्यालयाकडे लेखी तक्रार करा. तक्रारीत काट्याचे ठिकाण, गाडी नंबर, तारीख, वेळ लिहा आणि दोन्ही काट्यांच्या चिठ्ठ्यांच्या नकला जोडा. काटा बाजार समितीच्या आवारातला असेल, तर समितीच्या सचिवांनाही प्रत द्या. नुसते "काटा खोटा आहे" म्हणून भागत नाही.

माल नोंदणी झालेल्या हुंडेकऱ्यामार्फत जात असेल, तर बिल्टी घ्याच. रस्त्याने मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आहे. त्याप्रमाणे मालाची पावती देणे हुंडेकऱ्यावर बंधनकारक आहे. नुकसानभरपाईसाठी दावा लावायचा झाला, तर माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. बिल्टीवर गोण्यांची संख्या आणि भुईकाट्याचे निव्वळ वजन लिहून घेतले नाही, तर ती बिल्टी अर्धीच.

गाडी ठरवताना लिहायचा कागद

वहीचे एक पान पुरे. दोन प्रती करा आणि दोघांनी सह्या करा.

"गाडी नंबर ____. ड्रायव्हर ____. माल ____, गोण्या ____. भरलेले वजन ____, मोकळे वजन ____ (दोन्ही आजचीच), निव्वळ ____ बारदानासह / बारदान वजा करून. भाडे ____ टनावर / फेरीवर. वाटेतली घट ____ किलोपर्यंत मान्य. गावाकडच्या काट्याचे पैसे शेतकरी देईल. बाजाराकडच्या काट्याचे पैसे ____ देईल. दोन्ही ठिकाणच्या चिठ्ठ्या पाहूनच तुटीचा हिशेब होईल."

थोडक्यात ध्यानात ठेवा

१. मोकळी आणि भरलेली, दोन्ही वजने त्याच दिवशी, त्याच काट्यावर करा. जुना आकडा नको.

२. गाडी चढण्यापूर्वी शून्य पाहा. सगळी चाके फळीवर आहेत का ते पाहा.

३. दोन्ही वजनांच्या वेळी माणसे, स्टेपनी, ताडपत्री सारखीच ठेवा. मध्ये डिझेल भरू देऊ नका.

४. काट्याचे पैसे आपल्या हाताने द्या, चिठ्ठी आपल्या हातात घ्या. एक प्रत ड्रायव्हरला द्या.

५. चिठ्ठीवरचा नंबर, तारीख आणि वेळ वाचा.

६. तूट दिसली, तर आधी भरलेल्याशी भरलेले आणि मोकळ्याशी मोकळे ताडून पाहा. मग बोला.

७. चोख माल पोहोचवणाऱ्या ड्रायव्हरचे नाव लक्षात ठेवा आणि पुढच्या खेपेला त्यालाच बोलवा. इमानाला याहून चांगले बक्षीस नाही.

आमचे आण्णा आता थकले आहेत, पण घरची गाडी भरायची म्हटली की अजूनही काठी टेकत काट्यावर येतात. मोकळी गाडी चढते, आकडा उमटतो, आण्णा खिडकीत पैसे सरकवतात आणि पहिली प्रत ड्रायव्हरच्या हातात देतात. "ही तुझी," म्हणतात. मग दुसरी आपल्या खिशात घालतात.

शेतकरी बंधूंनो, येत्या हंगामात गाडी भराल, तेव्हा आधी मोकळी गाडी काट्यावर घाला. नमस्कार.